दोनशे बारा क्रमांकाचा प्रेक्षक

दुपारच्या चहानंतर तिने दोनशे बारा क्रमांकाचा फॉर्म हातात घेतला तेव्हा तिच्या डोक्यात एवढंच होतं, की संध्याकाळपर्यंत अडीचशेचा आकडा गाठायचा. काम तसं सोपं होतं. फॉर्मवरची उत्तरं वाचायची आणि समासातल्या तीन चौकोनांपैकी एकात खूण करायची : ‘गोंधळ’, ‘गोंधळ नाही’, ‘सांगता येत नाही’. सकाळपासून तिने दोनशे अकरा माणसांची मनं अशी चौकोनात बसवली होती आणि तिचा हात आता डोक्याला न विचारता चालत होता. पहिला प्रश्न : हे पोस्टर कोणत्या कंपनीच्या सिनेमाचं आहे असं तुम्हाला वाटतं? उत्तर : ‘तीच. पहिला ज्यांनी काढला.’ दुसरा प्रश्न : असं का वाटतं? उत्तर : ‘पाहुणा तोच दिसतो. राहिलेला भाग आता काढला असेल.’ तिसरा प्रश्न : मूळ सिनेमा तुम्ही पाहिला आहे का? इथे फक्त हो किंवा नाही लिहायचं होतं, त्यासाठी ठिपक्यांची अर्धी ओळ होती. या माणसाने ती ओलांडून खाली कागदाच्या कडेपर्यंत लिहिलं होतं : ‘अर्धा. मध्यंतरात बाहेर गेलो. दोन मुलं आत होती. पुढे काय झालं ते मग कुणाला विचारणार.’ शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. पूर्णविराम होता, आणि पेन टेकवून जरा वेळ तसंच धरावं तसा तो जाड झाला होता.

तिने फॉर्म उलटा ठेवला. मग सुलटा केला. समोरच्या भिंतीवरच्या पंख्याने टेबलावरचे कागद एका बाजूने उचलले आणि पुन्हा खाली टेकवले, आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली, जणू या क्षणी कागद उडू नयेत हेच सगळ्यांत महत्त्वाचं होतं. तिच्या तळहातांना घाम फुटला होता. घाम फुटतो तेव्हा शरीरात काय होतं ते तिला नीट माहीत होतं, कॉलेजात तिने त्याच्या आकृत्या काढल्या होत्या, पण माहीत असल्याने तो थांबत नव्हता. वयाच्या रकान्यात ‘साठच्या वर’वर खूण होती. बाकी काही नाही. नाव विचारायचं नव्हतं, तसा नियमच होता, आणि तो नियम तिनेच केला होता.

खटला दोन सिनेमा कंपन्यांचा होता. सव्वीस वर्षांपूर्वी मोठ्या कंपनीने ‘धुक्यातला पाहुणा’ नावाचा सिनेमा काढला होता. धुक्यातून एक अनोळखी माणूस एका घराच्या दारात येतो, घरातले त्याला आपला परागंदा झालेला मुलगा समजून आत घेतात आणि तो नाही म्हणत नाही, एवढीच त्याची गोष्ट. लोक तेव्हा रडत बाहेर पडायचे. आता दुसऱ्या एका धाकट्या कंपनीने ‘फुकटातला पाहुणा’ काढायला घेतला होता : तेच दार, तीच खुर्ची, तीच धुरकट अक्षरं आणि खुर्चीत पाय पसरून ढेकर देणारा एक जाडा नट. मोठी कंपनी म्हणाली, ही आमच्या नावाची चोरी. धाकटी म्हणाली, ही चेष्टा आहे, आणि ज्याची चेष्टा करायची त्याच्यासारखं थोडं दिसावं लागतंच. न्यायाधीशांनी विचारलं, लोकांचा खरंच गोंधळ होतो का? हे मोजायचं काम तिच्याकडे आलं. चारशे माणसं. दोनशेंना ‘फुकटातला पाहुणा’चं पोस्टर दाखवायचं आणि दोनशेंना तेच चित्र, तोच जाडा नट, पण वर ‘आगाऊ मामा’ असं भलतंच नाव. काही माणसं काहीही दाखवलं तरी मोठ्या कंपनीचंच नाव घेतात. तेवढी वजा केली की उरतो तो नावामुळे झालेला खरा गोंधळ. मोठ्या कंपनीच्या वकिलाला हे तिने दोनदा समजावून सांगितलं होतं. तो हसून म्हणाला होता, “मॅडम, लोक मूर्ख आहेत एवढंच मला आकड्यांत सिद्ध करून द्या.”

“लोक मूर्ख नसतात, घाईत असतात.”

“मग घाईची टक्केवारी द्या. आम्हाला चालेल.”

दोनशे बाराच्या फॉर्मवर काय खूण करायची याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. ज्याला दुसऱ्या कंपनीची टिंगल हा पहिल्या सिनेमाचा राहिलेला भाग वाटतो, तो ‘गोंधळ’च्या चौकोनात जातो. तिने तिथे खूण केली. खूण नेहमीपेक्षा लहान आली.

ती नऊ वर्षांची होती आणि भाऊ पाच. आईला ताप होता, म्हणून बाबा दोघांनाच ‘धुक्यातला पाहुणा’ दाखवायला घेऊन गेले होते. तिला बाबांचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो हात : तिकिटं धरलेला, अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ असलेला. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा ते उठले, खिशातून रुमाल काढून त्यांनी आपल्या खुर्चीवर अंथरला, कुणी बसू नये म्हणून, आणि म्हणाले, “आलोच. जागा सोडू नका.” या रुमालावर तिने पुढे किती वर्षं विचार केला याची गणतीच नाही. परत न येणारा माणूस जागा कशाला अडवेल? की परत न येणाराच असं करेल, मुलांना धीर वाटावा म्हणून? दोन्ही बाजूंना पुरावा तोच आणि तेवढाच, म्हणजे पुरावाच नाही. मोठी झाल्यावर तिला हे कळत होतं. कळण्याने रुमालाची घडी मात्र होत नव्हती. तो तसाच अंथरलेला राहिला होता, चार टोकं ओढून, निळ्या काठाचा.

दिवे विझले, सिनेमा पुढे सुरू झाला आणि बाबा आले नाहीत. भावाने तिची बाही ओढली. “बाबा कुठंयत?” तो रडायच्या बेतात होता, आणि तो रडला असता तर सगळं सभागृह त्यांच्याकडे बघणार होतं. तिला तेव्हा कुणी आपल्याकडे बघू नये एवढीच एक इच्छा होती. ती म्हणाली, “मागे बसलेत. त्यांना मागून नीट दिसतं.” थोड्या वेळाने बॅटरी घेतलेला द्वारपाल रांगेशी आला, दोन पोरं एकटीच बघून वाकला आणि म्हणाला, “तुमच्याबरोबर कोण आहे, बाळ?” ती त्यालाही म्हणाली, “बाबा मागे आहेत.” इतक्या सहज म्हणाली की त्याने मागे बॅटरी मारूनही पाहिली नाही. सिनेमाचा उरलेला भाग एक तास वीस मिनिटांचा होता. बसस्थानक तिथून चालत दहा मिनिटांवर होतं आणि दर अर्ध्या तासाला एक बस सुटायची. म्हणजे तिच्या थापेच्या वेळात, पहिली दहा मिनिटं सोडली तरी, दोन बसगाड्या नक्की सुटल्या, कदाचित तीन. हा हिशोब तिने बाराव्या वर्षी केला आणि मग कधीच पुसला नाही. आई तिला कधी एका शब्दाने बोलली नाही. आईला त्या थापेचं माहीतच नव्हतं. आईला गेल्याला आता तीन वर्षं झाली होती, आणि न सांगितलेली गोष्ट सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने कपाट उपसून आपलं जुनं प्रगतिपुस्तक काढलं. वडिलांच्या हातचं घरात तेवढंच होतं : सही, म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्यावर एक आकडी. सहीवरून अक्षर ओळखता येत नाही. तरी तिने ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. शिक्षणाने तिला एक सवय लावली होती, की एखादी गोष्ट खरी असावी असं फार वाटायला लागलं की आधी तिच्या विरुद्ध बोलायचं. ती स्वतःशी बोलायला लागली. तो सिनेमा तेवीस आठवडे चालला होता. शहरात आठ चित्रपटगृहं, दिवसाला चार खेळ. मध्यंतरात कितीतरी बाप उठून गेले असतील, कुणाला घरून निरोप आला असेल, कुणाला कळ आली असेल, कुणी तंबाखूला गेला आणि बाहेर मित्र भेटला. मुलं आत होती. दोन मुलं हा तर सगळ्यांत साधा आकडा. त्यातला एखादा सव्वीस वर्षांनी बाजारपेठेत हिंडताना फॉर्म भरतो, यात अचंबा कसला? इतकं सगळं ती बोलली आणि मग तिला तो जाड पूर्णविराम दिसला. ज्याची मुलं घरी परत भेटली, त्याने त्यांनाच विचारलं नसतं का, की पुढे काय झालं?

रविवारी ती भावाकडे जेवायला गेली. भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. त्याच्या बोटांच्या पेरांत वंगण कायमचं मुरलेलं होतं आणि ती बोटं तिला बघवत नसत. जेवण झाल्यावर तो संत्रं सोलत बसला. तिने विचारलं, “तुला त्या दिवशीचं काय आठवतं रे?”

“आज काय मध्येच?” कुठला दिवस हे त्याने विचारलं नाही. “खटल्यातला सिनेमा तोच ना तो? तरी म्हटलं, ताई जेवताना गप्प गप्प का.”

“सांग ना.”

“काय सांगायचं? तू म्हणालीस, बाबा मागे बसलेत.”

“हं.”

“मी वळून पाहिलं. मागे एक बाई होती, मांडीवर तिचं पोर झोपलेलं. तिच्या शेजारी दोन पोरी.” त्याने फोड तोंडात टाकली आणि बी तळहातावर काढली. “बाबा नव्हते.”

“मग तू काही म्हणाला का नाहीस?”

“मी पाच वर्षांचा होतो, ताई. मला वाटलं, तुला दिसत असतील.”

तो हसला, तिने हसावं म्हणून. मग संत्र्याची अर्धी कोर तिच्यापुढे सरकवून म्हणाला, “हे बघ, तो माणूस वारला असं मी लग्नाच्या वेळीच ठरवून टाकलंय. फॉर्मवर लिहायला सोपं पडतं. तूही टाक ठरवून.” फॉर्म हा शब्द ऐकून ती दचकली, पण तो आपला सहज बोलला होता. दोनशे बाराचं ती त्याला सांगणार होती. त्यासाठीच आली होती. आता तिच्या डोक्यात ती मागची रांग भरली होती : बाई, झोपलेलं पोर, दोन पोरी. सव्वीस वर्षं तिच्या आठवणीत त्या रांगेत बाबाच बसले होते. ती थाप आहे हे माहीत असूनही तिने त्यांना तिथे बसवलं होतं, अंधारात, पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडणार नाही असे. भावाने एका फोडीसरशी त्यांना उठवलं.

शोधायचं तर वाट उघडीच होती. फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाचा फोन नंबर घेतलेला होता, खातरजमेसाठी. दहातल्या एकाला फोन करून विचारायचं, फॉर्म तुम्हीच भरलात ना, आणि मग क्रमांक आणि नंबर यांची यादी पाकिटात घालून, चिकटवून, चिकटवलेल्या जागी सही करून ठेवून द्यायची. यादी फील्डवर माणसं पाठवणाऱ्या बाईंच्या ताब्यात असे. पन्नाशीच्या या बाईंना सगळं ऑफिस हवालदारबाई म्हणायचं, आणि त्यांना ते आवडायचं. ते पाकीट त्यांच्या कपाटात, तिच्या टेबलापासून अकरा पावलांवर होतं. खटला चालू असताना ते उघडणं म्हणजे सर्वेक्षणाचा जीव घेणं. आकडे काढणाऱ्याला माणसं माहीत असता कामा नयेत. माहीत झाली की आकड्यांना वास लागतो. वकिलाने पाठवलेल्या प्रतिज्ञापत्रात सातवं कलम होतं : ‘उत्तर देणाऱ्यांपैकी एकाही व्यक्तीला मी ओळखत नाही.’ त्या वाक्यापाशी तिचं पेन थांबलं. हे खोटं आहे का? ओळखणं म्हणजे काय? चेहरा आठवत नाही, आवाजात फक्त चार शब्द शिल्लक, हातापैकी एक नख. तिने सही केली. करताना तिला स्वतःची सही पहिल्यांदाच नीट दिसली : एक आडवी रेघ आणि वर आकडी.

ज्या बाजारसंकुलात फॉर्म भरून घेतले होते तिथे ती दोनदा जाऊन आली. सरकत्या जिन्याखाली एक बाक होता. दुपारी तीन ते चार तिने साठच्या वरची, एकटी हिंडणारी माणसं मोजली, सदतीस झाली. त्यातला कुठलाही असू शकत होता. एक जण दुकानाच्या काचेत स्वतःकडेच बघत उभा होता. एक जण जिन्यावर पाय ठेवायचा की नाही हे न ठरवता आल्याने बाजूला होऊन तरुणांना वाट देत होता. एकाने खिशातून रुमाल काढला आणि ती बाकावरून अर्धवट उठली, पण त्याने चष्मा पुसला आणि तो गेला. तिला कळेना आपण काय बघतोय. सापडला तर त्याला काय विचारायचं, का गेलात? हे विचारायला आई हवी होती. तिच्यापाशी विचारायला काही नव्हतंच. उलट त्यालाच तिला काही विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. पुढे काय झालं ते तिने डोळ्यांची पापणी न हलवता पाहिलं होतं. पाहुणा सकाळी निघून जातो. घरातली म्हातारी म्हणते, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या घटकेला कुणी येऊन बाकावर शेजारी बसला असता तर तिने हे सगळं सांगितलं असतं, आणि मग दोघं उठून दोन दिशांना गेली असती. तिला तेवढंच हवं होतं. पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पाकीट बंद होतं, आणि आपल्याला त्याचं किती बरं वाटतंय हे लक्षात येऊन तिला भीती वाटली.

निकाल लागलाच नाही. साक्षीच्या चार दिवस आधी वकिलाचा फोन आला. “मॅडम, मिटलं! दोघांनी हात मिळवले.” मोठी कंपनीच आता ‘फुकटातला पाहुणा’ प्रदर्शित करणार होती, पोस्टरवर दोघांची नावं येणार होती. “तुमची मेहनत वाया गेली म्हणा. पण आकडे झकास होते हां. ते बघूनच समोरचे नरमले.” फोन ठेवल्यावर ती पोस्टरवरच्या त्या दोन नावांपाशी घुटमळली. ज्यांनी हा सिनेमा त्याच कंपनीचा आहे असं लिहिलं होतं, ती सगळी माणसं आजपासून बरोबर ठरली होती. गोंधळ असा कुणाचाच नव्हता. दोनशे बारा फक्त जरा लवकर बोलला होता.

खटला संपला की यादी नष्ट करायची, दोघींच्या समक्ष, दोघींच्या सह्यांनी. हवालदारबाईंनी सकाळी अकराची वेळ दिली. मागच्या खोलीत कागद कातरायचं यंत्र होतं, त्याच्या शेजारी कातरलेल्या कागदांच्या पिशव्या. बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं, सही शाबूत असल्याचं तिला दाखवलं आणि पट्टीने ते उघडलं.

“मला एक नंबर बघायचाय,” ती म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “मॅडम, तीन महिने तुम्हीच माझं डोकं खाल्लंत. पाकिटाकडे डोळा वर करून बघायचं नाही म्हणून.”

“आता खटला संपला ना.”

“आणि लोकांना दिलेला शब्द? नंबर कुणाला दाखवणार नाही म्हणून माझ्या पोरींनी चारशे वेळा सांगितलंय. तो संपला का?”

“तो नाही संपला,” ती म्हणाली. “तरी बघायचाय.”

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग यादी तिच्यापुढे सरकवली आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. “मी पाणी प्यायला बाहेर गेले असं समजा. जात नाही, कारण दोघींनी हजर राहायचा नियम आहे.”

दुसरं पान, डावा रकाना. दोनशे दहा, दोनशे अकरा. तिचं बोट खाली सरकलं आणि थांबलं. बाकी सगळे नंबर एका लांबीचे होते. इथे ओळ अर्ध्यातच संपत होती. चार, एक, सात, सात, शून्य, तीन. तिने वाचायच्या आधी ते तिच्या तोंडात आले होते, लहानपणी पाठ करून घेतलेल्या लयीत, दोन उड्यांत तीन-तीन.

“हा अपुरा आहे,” ती म्हणाली.

बाई वळल्या. “कुठला? हा होय! हे काका आठवतात मला. पोरगी गोंधळली म्हणून मीच गेले. मी म्हटलं, काका, आकडे कमी पडतायत. तर म्हणाले, नाही, एवढेच आहेत. मी म्हटलं, अहो, एवढ्याने फोन लागायचा नाही. तर पुन्हा तेच. एवढेच आहेत. शांतपणे हां, चिडून नाही. म्हटलं जाऊ दे, वय झालंय. खरं म्हणजे तेव्हाच बाद करायला हवा होता. चूक माझी.”

“दिसायला कसे होते?”

“चारशे माणसं हो, मॅडम. नीटनेटके होते. घाईत नव्हते.”

तो त्यांच्या घरचा नंबर होता. बाबा गेले तेव्हाचा. त्यानंतर दोन वर्षांनी शहरातल्या सगळ्या नंबरांच्या आधी एक पाच लागला, आणि आई टेलिफोनच्या कचेरीत जाऊन विचारून आली होती, की जुनाच नंबर फिरवणाऱ्याला हे कळेल ना? तिथला माणूस म्हणाला, कळेल, बाई, टेप वाजेल, आधी पाच लावा म्हणून. आईचा त्यावर विश्वास बसला नाही. दर महिन्याला शेजारच्यांच्या फोनवरून ती जुना नंबर लावायची आणि टेप वाजते का ते ऐकून, मान हलवून खाली ठेवायची. टेप पुढे कितीतरी वर्षं वाजत राहिली होती. तोपर्यंत शहरातल्या पोराटोरांनाही तो पाच पाठ झाला होता.

तिने दोन्ही बाजू मांडायचा प्रयत्न केला, सवयीने. पहिल्या दोन वर्षांचं काही सांगता येत नाही. न बोलता ठेवलेले फोन सगळ्यांच्याच घरी येतात. पण नंतरच्या चोवीस वर्षांचं सांगता येत होतं. एकदा जरी त्याने ते सहा आकडे फिरवले असते तर टेपवरच्या बाईने शांत, स्पष्ट आवाजात त्याला तो पाच सांगितला असता. तो त्याला माहीत नव्हता. एवढेच आहेत, म्हणाला. इथे दुसरी बाजू नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातात त्याच्याबद्दलचा पुरावा आला होता आणि तो इतका स्वच्छ होता की त्याला धरायला कुठे कड नव्हती.

बाईंनी यंत्राचं बटण दाबलं. ते घरघरायला लागलं. “ओळखीचे निघाले का कुणी?” त्यांनी विचारलं, आवाजात आता हवालदारकी नव्हती.

“त्यांना आमचा नंबर पाठ आहे,” ती म्हणाली आणि दुसरं पान तिने स्वतःच्या हाताने यंत्रात सोडलं.